खोकडांच्या पोटातला जंत

दोन वर्षं मी पगार घेऊन खोकडांची विष्ठा गोळा केली. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हात धुतले का असं विचारतात. धुतले, दर वेळी धुतले. त्या दोन वर्षांत जिच्या ओसरीवर बसून मी चहा प्यायले, ती बाई मी खोकडांत शोधत होते त्याच रोगानं गेली. तो तिला झालाय हे मला सहा महिने आधी कळलं होतं. हा भाग मात्र मी कुणाला सांगत नाही.

मी कर्वेनगरात राहायचे आणि शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. सहायक म्हणजे मुलांनी फाडलेले बेडूक आवरायचे, बरण्यांतलं फॉर्मेलिन बदलायचं, आणि सर ज्याबद्दल ‘आम्ही निरीक्षण केले’ असं लिहिणार ते निरीक्षण आपण करायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते आणि आमच्या विभागात प्रवेश घ्यायला कुणी फिरकत नव्हतं. ज्याला कुठंच मिळालं नाही तो आमच्याकडे यायचा, आणि तोही सुट्टीत संगणकाचा क्लास लावायचा. विभाग टिकवायचा तर काहीतरी संशोधन दाखवणं भाग होतं. सरांनी विषय काढला: रानटी कोल्ह्यांतले पट्टकृमी आणि त्यांचा प्रदेशाप्रदेशांतून होणारा प्रसार. अनुदान मंजूर झालं. भिंतीवर महाराष्ट्राचा भला मोठा नकाशा लागला. सोलापूरकडच्या माळांवर हा जंत सापडतो असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. तो नगरमार्गे पुण्याच्या वेशीपर्यंत कसा आला हे त्यांना लाल टाचण्यांनी दाखवायचं होतं.

सर कोल्हे म्हणायचे, पण आमच्या वाट्याला आली ती खोकडं. खोकड कोल्ह्यापेक्षा लहान, अंगानं सडपातळ, शेपटीचं टोक काळं. ते उघड्या माळावर बिळं करून राहतं. शहरातल्या माणसाला दोन्ही सारखीच.

जंत म्हणाल तर जिऱ्यापेक्षा बारीक. कुत्रा, कोल्हा, खोकड यांच्या आतड्यात तो हजारोंनी राहतो आणि त्यांना फारसा त्रास देत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. ते गवत शेळ्यामेंढ्यांनी खाल्लं की त्यांच्या कलेजीत पाण्यानं भरलेल्या गाठी होतात. तसली कलेजी पुन्हा कुत्र्याच्या नाहीतर खोकडाच्या पोटात गेली की फेरा पुरा होतो. माणूस यात चुकून सापडतो, न धुतलेल्या भाजीतून किंवा कुत्र्याला कुरवाळलेल्या हातातून. मग त्याच्याही पोटात ती गाठ वर्षानुवर्षं मुकाट्यानं वाढत राहते. हे सगळं मला तोंडपाठ होतं. सरांनी आखलेल्या तक्त्यात खोकड, कुत्रा, शेळी, मेंढी आणि माती असे रकाने होते. माणसाचा रकाना नव्हता, आणि तो का नाही असं मीही विचारलं नाही.

नमुन्यांसाठी मी वाघोलीच्या पुढं, नगर रस्त्यापासून आत असलेल्या एका वस्तीवर जायचे. एकाच भावकीची दहाबारा घरं, मागं माळरान. तिथं मला मावशी भेटल्या. पन्नाशीच्या पुढच्या, त्या भावकीतल्या थोरल्या घरच्या थोरल्या सूनबाई. माळावरचं प्रत्येक बीळ त्यांना माहीत होतं. कुठलं नवं, कुठलं सोडून दिलेलं, कुठं पिल्लं आहेत, सगळं. पहिल्या दिवशी मी हातमोजे घालून चिमट्यानं विष्ठा उचलायला लागले तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

“एवढं शिकून लेंडकं येचता व्हय, बाई?” त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच पुढं होऊन वाट दाखवायला लागल्या.

तेव्हापासून मी गेले की त्या बरोबर यायच्या. परतताना वाफ्यातून मुळा नाहीतर कांद्याची पात उपटायची, माती तेवढी झटकायची आणि कचाकच खायची ही त्यांची सवय. मला दिलेला मुळा मी नळावर नेऊन खसाखसा धुवायचे. पुण्याची माणसं मुळ्यालासुद्धा आंघोळ घालतात म्हणून त्या हसायच्या. मीही हसायचे. त्या वाफ्यातून त्यांची तीन कुत्री दिवसभर ये-जा करायची आणि मी मुळा का धुते हे मला नेमकं ठाऊक होतं. माझा मुळा धुतला, त्यांना काही सांगितलं नाही. तेव्हा ते मला खुपलंही नाही. आपण कामाला आलो आहोत, शिकवायला नाही, असं काहीतरी मनाशी धरलं असेन.

ओसरीवर बसल्या की मावशींचा हात उजव्या बरगडीखाली दाबलेला असायचा. जेवलं की जड होतं म्हणायच्या. सोडा घ्यायच्या, ओवा चावायच्या आणि कामाला लागायच्या.

दुसऱ्या वर्षी रस्त्यालगतची जमीन एका बिल्डरनं घेतली. संगणकवाले राहायला येणार म्हणून त्या बाजूला जो तो जमिनी घेत होता. वस्तीवर एकदम पैसा आला. आधी दारात गाड्या उभ्या राहिल्या, मग पत्र्याची घरं पाडून बंगल्यांचे पाये खोदले गेले. याचं मला दुःख नव्हतं. कष्ट करणाऱ्या माणसाच्या घरी पैसा आला तर नाकं मुरडणारी आमच्यासारखी माणसं मला तेव्हाही आवडत नसत. पण तो पैसा जत्रेतही आला. पूर्वी म्हसोबाच्या जत्रेला सगळ्या भावकीत मिळून तीनचार बोकड पडायचे. त्या वर्षी प्रत्येक घरानं आपापला नवस वेगळा फेडला. बोकड ट्रकनं आले, नगरच्या पलीकडून कुठून कुठून. सरांच्या नकाशावर जंत माळामाळानं पायी चालत येत होता. इथं तो ट्रकमध्ये बसून आला होता.

सरांनी मला मुद्दाम जत्रेला पाठवलं होतं, शेळ्यांचे नमुने घ्यायला. बाभळीखाली कापाकापी चालली होती. कापणारा पोट फाडायचा, कलेजी काढून उजेडात उलटीपालटी करून बघायचा. चांगली असली की घरच्या पातेल्यात जायची. तिच्यावर पांढुरके, पाण्यानं टरारलेले फोड दिसले की तो ती बाजूच्या घमेल्यात टाकायचा. घमेलं भरलं की मावशी उठल्या, त्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि माळाच्या कडेला निघाल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी हातानं एकेक तुकडा काढून आधी घरच्या कुत्र्यांना घातला, मग बाकीची कुत्री जमली त्यांना. उरलेलं त्यांनी बिळांच्या बाजूला दगडावर ओतलं, खोकडांसाठी. मग पदराला हात पुसले.

मी विचारलं, हे मातीत पुरून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, “देवाचं हाय ते. मातीत कसं घालायचं? माणसाला चालत न्हाई ते मुक्या जनावराच्या मुखी जावं. थोरल्या सुनेचा मान असतोय ह्यो. म्या लगीन होऊन आले तवापासनं मीच घालते.”

लग्न होऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. तीस वर्षं त्या मानानं ते घमेलं वाहत होत्या. वर्षभर त्याच कुत्र्यांच्या अंगावरून हात फिरवत होत्या, त्याच वाफ्यातला मुळा झटकून खात होत्या. मी काय केलं? मी त्यातली एक फोड आलेली कलेजी मागून घेतली आणि बरणीत घातली. नमुना अप्रतिम होता.

पंधरा दिवसांनी नगर रस्त्यावर एक खोकड गाडीखाली मेलं. मावशींच्या मालकांनी ते खताच्या पोत्यात घालून ठेवलं आणि मला फोन केला. नुसती अंडी बघून कुठल्या जातीचा जंत हे नक्की सांगता येत नाही, त्यासाठी आतडं उघडावं लागतं. ते मी उघडलं. आतल्या बाजूला पांढरी लव उगवल्यासारखी दिसत होती, इतके जंत होते. सरांनी त्या दिवशी सगळ्या विभागाला चहा पाजला आणि वाघोलीवर स्वतःच्या हातानं लाल टाचणी लावली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला वळसा आम्ही नकाशावर काढून दाखवला.

त्या खोकडाबद्दल आभार मानायला म्हणून मी पुढच्या आठवड्यात वस्तीवर गेले. घरात मावशी एकट्याच होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या बरगडीखाली ठेवला. “बघा वो बाई, हितं काय लागतंय? घरात सांगाया लाज वाटती.”

लागत होतं. गोल, घट्ट, गुळगुळीत, नारळाएवढं काहीतरी श्वासाबरोबर खालीवर होत होतं. मी डॉक्टर नव्हते. पण तीस वर्षांचं घमेलं आणि हाताखालची गाठ यांची बेरीज करायला डॉक्टर कशाला लागतो? माझ्या हाताला लगेच कळलं.

“पित्ताचं असेल,” मी म्हणाले. “तरी कधीतरी दाखवून घ्या.”

या ‘कधीतरी’ची मला आज शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते. मी डॉक्टर आहे का असं त्यांनी विचारलं. नव्हते. मग ते शांतपणे म्हणाले, “हे बघा, वस्तीत एकदा भीती पसरली की ते कुत्री मारतील, कलेजी पुरतील, आपल्याला पाऊल ठेवू देणार नाहीत. मग उरलेले नमुने कुठून आणायचे? दिवाळीपर्यंत थांबा. तोवर काम संपेल, मग काय सांगायचं ते सांगा. आणि पेपरवर तुमचं नाव येणार आहे, ते विसरू नका.”

मी थांबले. इतकी वर्षं लोकांच्या नावाची निरीक्षणं केली होती, एकदा आपलं नाव छापून यावं असं मला वाटत होतं. कोल्हा काकडीला राजी. पेपर पुढं यथावकाश छापून आला. त्यात शेवटच्या ओळीत ‘प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले’ असं होतं. ते वाचून मला आधी राग आला, संताप आला सरांचा. लाज त्यानंतर वाटली. हा क्रम मी लपवत नाही. सरांना शिव्या घालणं सोपं आहे आणि मी त्या घातल्या आहेत, पण सरांनी माझं तोंड बांधलं नव्हतं. कर्वेनगरच्या कोपऱ्यावर टेलिफोनचं बूथ होतं. मावशींच्या मालकांचा नंबर माझ्या वहीत होता.

वैशाख ते आश्विन या सहा महिन्यांत मी चार वेळा वस्तीवर गेले. दर वेळी मावशी जरा वाळलेल्या दिसायच्या आणि पोट जरा पुढं. दाखवलं का, असं मी विचारायचे. बंगल्याचं काम चाललंय, वास्तुशांत झाली की जाऊ, असं त्या म्हणायच्या. मीही मान डोलवायचे. एका फेरीत मी अकरा नमुने आणले होते आणि त्यातल्या सात डब्यांत अंडी सापडली होती. हे आकडे मला अजून पाठ आहेत. मावशींनी त्या दिवशी कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं ते आठवत नाही.

दिवाळी जवळ आल्यावर राहिलेल्या नमुन्यांसाठी कधी येऊ, असं विचारायला मी फोन केला. फोन कुणा पाहुण्यानं उचलला. मावशी चार दिवसांपूर्वी गेल्या, तो म्हणाला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. वास्तुशांतीच्या दिवशी नव्या बंगल्यात पूजेचं पाणी सांडलं होतं. नवी फरशी, आरशासारखी. जन्मभर शेणानं सारवलेल्या जमिनीवर वावरलेली बाई, हातात ताट घेऊन लगबगीनं आली आणि घसरली. पायरीची कड बरगडीवर बसली. लागलं फारसं नव्हतं, त्या उठूनसुद्धा बसल्या. मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी नंतर घरच्यांना सांगितलं की पोटातली पाण्याची गाठ फुटली, ते पाणी अंगात भिनलं. हा जंताचा आजार, कुत्र्याकोल्ह्यांपासून होतो. आधी कळलं असतं तर गाठ काढता आली असती.

तेराव्याला मी गेले. न जाण्याचं धाडस मला झालं नाही. वस्तीच्या अलीकडे माळावर एक जेसीबी चालू होता. बिळाबिळांवर माती लोटून वरून चाक फिरवत होता. कुत्र्याकोल्ह्यांपासून असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्यातला कोल्हाच सगळ्यांच्या लक्षात राहिला होता. दोन वर्षं पुण्याच्या बाई खोकडांमागं फिरत होत्या, मग खोकडातच काहीतरी असणार, हा हिशेब कुणीही केला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाकडे बोट मी दाखवलेलं. घरची तिन्ही कुत्री मांडवात पत्रावळींच्या ढिगाजवळ निवांत पडली होती. मावशींची चार वर्षांची नात त्यातल्या एकाच्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि ते तिचा गाल चाटत होतं.

मी घरात जाऊन मावशींच्या मालकांसमोर बसले. डोक्यावरचे केस काढलेले, त्यामुळे ते मला पटकन ओळखूच आले नाहीत. शेजारी त्यांचा मुलगा होता, शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तो माझ्याकडे एकटक बघत होता. मग म्हणाला, “मॅडम, मी नेटवर वाचलं. हा टेपवर्म आहे. तुम्ही ह्याच्यावरच रिसर्च करत होता ना?”

मी हो म्हणाले.

“मग तुम्हाला माहीत होतं, माणसाला पण होतो ते?”

आवाज चढलेला नव्हता. ओसरीवर भावकीतली वीसपंचवीस माणसं बसली होती, सगळी आमच्याकडे वळली. बाहेर नात खिदळत होती. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं, नाहीतर पुढच्या जत्रेला ते घमेलं त्या मुलीची आई उचलणार होती. आणि मी बोलले. सगळं सांगितलं. खोकडांचा दोष नाही, बिळं बुजवून काही होणार नाही. फोड आलेली कलेजी कुत्र्यांना घालू नका, खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्यांना जंताचं औषध द्या, भाजी धुऊन खा, पोरीचे हात धुवा, घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी करून घ्या. प्रयोगशाळेत मुलांना सांगते तसं एकेक नीट सांगितलं. फक्त एक वाक्य मधे घातलं. आमच्या तपासण्यांचे निकाल आत्ता कुठं हाती आले, म्हणाले, परवाच.

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानं तोंड उघडलं, पण वडिलांनी हातानं त्याला थांबवलं.

“गप ऱ्हा,” ते म्हणाले. “त्यांना आदी ठावं असतं तर त्यांनी तुझ्या आयला सांगितलं नसतं व्हय? सख्ख्या भनीवानी हुत्या दोघी.” मग ते भावकीकडे वळले. “कळल्या कळल्या सांगाया आल्या बघा बाई. एवढ्या लांबनं. कोण येतंय असं?”

माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी जेसीबी थांबवायला गेलं. सुनेनं नातीला उचलून नळावर नेलं आणि ती रडत असताना तिचा गाल घासघासून धुतला. मला आग्रहानं पंगतीत बसवलं, पहिल्या ओळीत. मी मान खाली घालून जेवले, आणि निघताना मावशींच्या मालकांनी माझ्यापुढं हात जोडले तेव्हा मीही त्यांना हात जोडले.